पालथा स्पीकर

या, जरा पुढे सरका. दाराशी उभे आहात ते आत या, जागा आहे. एका नाताळगीताची गोष्ट सांगतो. फार लांबवणार नाही, आणि मध्येच उठून गेला नाहीत तर शेवटी गोडही लागेल.

दुपारचे चार वाजले होते. नाताळ चार दिवसांवर आलेला, आणि प्रार्थनामंदिरात गायकांची तालीम. गाणं बसवणाऱ्या बाई ताल द्यायला हात वर करून उभ्या राहिल्या, तेवढ्यात त्यांचा धाकटा दीर कपाटाएवढा स्पीकर ढकलत दारातून आत शिरला. दीर धंद्याने वायरमन, वय पन्नाशीपार, केसांची शेपटी पांढरी झालेली. रॉक बँडमध्ये बेस गिटार, म्हणजे खर्जाचे सूर देणारी गिटार, वाजवायचा, म्हणून घरात त्याला भोंगाच म्हणत. यंदा जुन्या नाताळगीताला बँडची साथ द्यायची, अशी त्याने पाळकसाहेबांकडून परवानगी काढली होती. बाईंकडून काढली नव्हती.

"भाऊजी, प्रभूचा जन्मदिवस आहे हा. तुमचा ढणढणाट ऐकून बाळ दचकून उठेल."

"वहिनी, गोठ्यात जन्मलंय ते. तिथे बैल काय वहीत बघून हंबरत होते?"

गायक फिसकन हसले. शेवटच्या रांगेतले बाईंचे यजमान तेवढे हसले नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

खर्जाचा आवाज त्यांचा, पण कान मंद होत चाललेले. गेल्या नाताळात गाणं संपलं, सगळे खाली बसले, आणि ते एकटेच पुढे गात राहिले. कुणी वाईट मनाने हसलं नाही, पण हसलं. तेव्हापासून ते रांगेत उभे राहत, वही धरत आणि नुसते ओठ हलवत. लोकांना पत्ता नव्हता. पण जिने तीस वर्षं तो आवाज भिंतीपलीकडून ओळखला, तिला ओठ काय फसवणार? आज घरातून निघताना ते म्हणाले होते, "यंदाचं शेवटचं. पुढच्या वर्षी माझी जागा कुणाला तरी दे."

हे पोटात ठेवून बाई त्या स्पीकरकडे बघत होत्या. एका भावाचा आवाज गेला, आणि दुसऱ्याचा हा एवढा!

"ठेवायचाच असेल तर शेवटच्या रांगेमागे ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि पालथा घाला. तोंड फळ्यांवर. जरा तरी गप्प बसेल."

"स्पीकर पालथा घालतात का कुणी, वहिनी?"

"मी घालते."

गायकांचा मंच लाकडी होता, खालून पोकळ. दिराने स्पीकर त्यावर पालथा घातला.

पहिलं कडवं ऑर्गनवर झालं, नेहमीसारखं. दुसऱ्याला बँडवाल्यांचा ड्रम आणि दिराची बेस गिटार आली, आणि मंचाच्या फळ्या थरथरू लागल्या. चाल तीच होती, फक्त तिला पाय फुटले. बाईंनी तोंड कडू करायची तयारी ठेवली होती, पण त्यांची नजर शेवटच्या रांगेवर अडकली.

यजमान खाली, आपल्या पायांकडे बघत होते. मग ते वाकले. एक बूट काढला, दुसरा काढला, मोजे बुटांत कोंबले आणि ऐन थंडीत अनवाणी फळीवर उभे राहिले. मान हळूहळू डोलू लागली. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्यांनी श्वास घेतला. बाईंना तो श्वास ओळखू आला.

आणि आवाज आला. जाडाभरडा, वर्षभर पडून राहून कडांना गंज चढलेला, पण समेवर. अगदी समेवर. पुढच्या रांगेच्या माना वळल्या. ऑर्गनवाल्याची एक पट्टी चुकली. बाईंचा हात तेवढा ताल देत राहिला, कारण तो थांबता तर डोळ्यांकडे गेला असता.

गाणं संपलं, तसे तेही थांबले. सगळ्यांबरोबर.

"अगं," ते मंचावरूनच ओरडले, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, "ऑर्गन दुरुस्त केला वाटतं! काय खर्ज लागलाय!"

दिराने वहिनीला हळूच हाताने खुणावलं: असू दे, ऑर्गनच म्हण. रॉकबद्दल दादाचं काय मत आहे, ते त्याला शाळेपासून पाठ होतं.

बाईंची पंचाईत झाली. खरं बोलावं तर आत्ताच परतलेला आवाज पुन्हा रुसायचा. खोटं बोलावं तर कुठे उभं राहून? त्या मंचावर चढल्या आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

"ऑर्गन नाही हो. तुमचा धाकटा वाजवत होता."

"कोण? भोंगा?"

बाईंनी होकाराची मान डोलावली. यजमानांनी स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग भावाकडे.

"मग त्याला सांग," ते म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात घाई करतो. पुन्हा घ्या."

आणि पाय जरा फाकवून, फळीवर घट्ट रोवून ते बाईंच्या हाताकडे बघत उभे राहिले.

तर मंडळी, मागणं एवढंच. यंदा कुठेही चार माणसं देवाचं गाताना दिसली आणि तुमचे हात जोडले गेले, तर मागच्या रांगेत जो नुसते ओठ हलवत उभा असेल, त्याचीही आठवण ठेवा.