कागदावरची कोरडी जमीन

निवृत्त मोजणीदारांना डेपोमागच्या दुर्लक्षित डबक्यावर चाळीस जातींचे पक्षी सापडले. "डास बघायला जाता का?" बायको टोमणे मारायची. आज तिथे भराव टाकायला इंजिनिअर ट्रक घेऊन आला. "काका, बाजूला व्हा. नकाशात जमीन कोरडी आहे. मोजणी तुमचीच!" ते खरंच होतं. तीस वर्षांपूर्वी बुटांना चिखल लागायला नको म्हणून त्यांनी जीपमध्ये बसूनच मोजणी उरकली होती. "तेव्हा चुकलो. आता हलणार नाही," म्हणत ते वाटेत उभे राहिले. "अहो, खडखडीत कोरडी आहे, बघा!" म्हणून इंजिनिअर ट्रकमधून ऐटीत डबक्याच्या सुकल्यासारख्या दिसणाऱ्या काठावर उतरला आणि कमरेपर्यंत रुतून बसला. बगळे उडाले. ट्रकवाले खिदळले. "काका, हात द्या!" काकांनी कागद आणि पेन पुढे केलं. "आधी जमीन पाणथळ आहे असं लिहून द्या. मला घाई नाही, अजून बदकं मोजायची राहिलीत."