तळ लागला

"तुमच्या बोटीवर तोफा न्हाईत म्हनं?" गुळाच्या चहाची पितळी आकारामच्या पुढं सरकवत हरणाबाईनं विचारलं.

"न्हाईत, मावशी."

"मंग करता काय रं तितं?"

"समुद्राची खोली मोजतो. त्यावरनं सायेब लोक नकाशे करत्यात."

पाटणखालच्या त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत होता. कुणी आफ्रिकेत लढून आलेला, कुणी इटलीत, कुणी ब्रह्मदेशात. आकाराम एकटाच दर्यावर गेला, आणि तोही बंदूक न धरता पाण्याच्या बुडचा गाळ काढायला. गावानं त्याची यथेच्छ थट्टा केली होती. गाळच काढायचा तर आमची विहीर काय वाईट होती, असं पारावर कुणीतरी विचारायचंच. रजेवर आला की तोही हसून घ्यायचा.

हरणाबाई मात्र कधी हसली नव्हती. तिचा गुंडा लढाईवर जाताना बोटीसकट बुडाला होता. सरकारनं तसं कळवलं, पलटणीतली माणसं घरी येऊन सांगून गेली. पण ती सगळी जमिनीवरची माणसं, त्यांनी काय बघितलं, असं तिचं म्हणणं. देह सापडला नाही की पिठाचा पुतळा करायचा, त्याला गेलेल्याचं नाव द्यायचं आणि अग्नी द्यायचा, एवढंच राहिलं होतं. ते ती करू देत नव्हती. त्यामुळं सून मनुबाईच्या कपाळाला कुंकू होतं आणि घरात नवरा नव्हता. तिचा मेढ्याचा भाऊ तिला न्यायला आला, दुसऱ्याशी पाट लावून देतो म्हणाला. "जित्या नवऱ्याच्या बायकुला नेतोस व्हय रं?" असं हरणाबाईनं त्याला अंगणातच विचारलं. बिचारा हात हलवत परत गेला.

आज आकाराम आत येताना मनुबाईनं त्याला दारातच गाठलं होतं. "भावजी, आत्ती तुमचंच ऐकत्याल. काय सांगायचं ते सांगा, पर अर्धं सांगू नगा," एवढं बोलून ती जोत्याच्या आड जाऊन बसली. तिथून तिच्या सुपाचा आवाज येत होता.

"गुंडाची बोट जितं बुडाली," हरणाबाई म्हणाली, "त्या पान्यावरनं गेलास कवा?"

"गेलो की. औंदाच."

"मोजलंस?"

"मोजलं." आकारामनं पितळी खाली ठेवली.

"कसं मोजता?"

"लांब तार असती. तिच्या टोकाला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला चरबी लावल्याली. खालची वाळू, गाळ काय असंल ते तिला चिकटून येतंय. माजं बोट तारंवर. वजन टेकलं की तार ढिली पडती, मंग मी वरडतो, तळ लागला! त्या वरडन्यावर सायेब आकडा मांडतो."

यात खोटं काही नव्हतं. लाटेनंही तार ढिली पडते, आणि नवखा माणूस तिथंच फसून ओरडतो. आकाराम कधी फसला नव्हता. बोटाला कळल्याशिवाय त्यानं आजवर तळ पुकारला नव्हता, आणि बोटीवर त्याला जो काही मान होता तो एवढ्यासाठीच. त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला तारेनं कायमचा वळ पडला होता.

"मंग त्या जागी?"

"त्या जागी तार संपली, मावशी. चरबी कोरीच्या कोरी वर आली. तळ लागला न्हाई."

एवढ्या खोलातून माणूस परत येत नाही, हे तिला आपोआप उमजेल असं त्याला वाटलं होतं. हरणाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"म्हंजी अजून खालीच चाललाय," ती म्हणाली. "पाठ टेकली न्हाई माज्या पोराची."

"आवं, तसं न्हवं मावशी..."

"तूच म्हनलास न्हवं, तळ लागला न्हाई? जो टेकलाच न्हाई त्याला अग्नी कसा द्यू?"

जोत्याआडचा सुपाचा आवाज थांबला. या म्हातारीची आकारामला कीव आली, मनुबाईची आली, आणि स्वतःचा रागही आला. खरं बोलून त्यानं गुंडाला पुन्हा पाण्यात लोटलं होतं.

"थांबा मावशी, ती जातानाची गोष्ट," तो म्हणाला. "मागारी येताना आमी मोठी तार लावली."

"मंग?"

वळ पडलेलं बोट त्यानं पुढं धरलं, जणू तार तिथंच होती. थोडा वेळ गेला. मग बोटीवर ओरडायचा तसाच, पण हळू आवाजात तो म्हणाला, "तळ लागला."

"तुज्या बोटाला कळलं?"

"कळलं."

"खडकाळ हाय का रं?"

"न्हाई, न्हाई. मऊ हाय. चरबीला गाळ चिकटून आला हुता. पांढराधोप, पिठावानी मऊ."

हरणाबाईनं त्याचं ते बोट हातात घेतलं, वळावरून अंगठा फिरवला आणि सोडून दिलं. चहा निवून गेला होता. बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली, "मनू, पीठ काढ गं."

"भाकरीला?" मनुबाईनं विचारलं.

"न्हाई," हरणाबाई म्हणाली. "गुंडाला."