पुढचे ब्रेक

"गाडी त्यांच्या दारात जायची हाय. लोकल माल बसव," पुंजाराम म्हणाला.

तिसगावच्या गॅरेजमध्ये कानिफनाथने गाडीची पुढची चाकं उतरवली होती. पॅड पार झिजले होते. डिस्कवर नख अडकेल इतके चरे पडले होते, त्यामुळे नुसते पॅड बदलून भागणार नव्हतं. त्याने कंपनीचा आणि लोकल, दोन्ही माल पुढ्यात मांडला. घाट उतरताना तापल्या की या लोकल डिस्कचा भरवसा नाही, हेही त्याने सांगितलं.

पुंजारामने ते कानाआड केलं. सकाळपासून त्याच्या मस्तकात संताप ठणकत होता. लेकीचा साखरपुडा होईस्तोवर मिरजगावच्या पाहुण्यांनी कशाचंच नाव काढलं नव्हतं. पत्रिका घरोघर पोचल्या आणि मग त्यांना हुंड्यात त्याची ही गाडी हवीशी झाली. आता लग्न मोडलं तर तोंड कुठं दाखवायचं, म्हणून तो मुकाट्याने हो म्हणाला. आज तर नवरदेवाने, समर्थने, स्वतः फोन केला. ब्रेक वाजतात, नवे टाकूनच गाडी द्या, असं त्याने हुकूम सोडावा तसं सांगितलं. मागून घ्यायचं आणि वर खोटही काढायची. कंपनीचा माल घाला म्हणे. कशाला घालू?

त्याची लेक पूजा बाजूलाच उभी होती. तिने लोकल डिस्क उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"आप्पा, त्या गाडीत शेजारी कोन बसनार हाय?"

रागाच्या भरात आपण कुणाच्या जिवावर उठलो होतो, हे पुंजारामला तेव्हा कळलं. त्याची मान वर होईना. कंपनीच्या मालाकडे बोट करून तो कसाबसा म्हणाला, हेच बसव.

कानिफनाथने डबे फोडले. पुंजारामला मात्र ते बघवेना. शेवटी त्या माणसांच्याच मनासारखं झालं, असं तो पुटपुटला.

पूजाने मोबाईल काढला आणि तिथेच, दोघांच्या देखत, समर्थला फोन लावला. तिचा आवाज जराही चढला नाही.

"ब्रेक चांगले बसवलेत. पण गाडी तिसगावातच राहील," ती म्हणाली, "आणि मी पण."