दोन रेघांची फीत
आठ वाजता कोरियातल्या सोलच्या इस्पितळातून मालसूनच्या बापाची शवपेटी निघणार होती. अंत्यविधीत सगळ्यांच्या पुढे राहणाऱ्या कर्त्या मुलाने दंडावर लावायची दोन रेघांची फीत टेबलावर पडली होती. “तुझा थोरला भाऊ साओ पावलोहून अठरा हजार किलोमीटर उडत येतोय, मालसून. थांबायला नको?” काका म्हणाले. “बाबा अकरा वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा नाही उडाला?” “जीभ आवर. बाईच्या दंडावर फीत कधी पाहिलीस?” “बाईने बापाच्या मुतलेल्या चादरी धुतलेल्या चालतात ना?” थोरल्याचा फोन आला. “विमान उतरलंय. माझ्याशिवाय पेटी उचलू नका!” विमानतळ तासभर लांब, दाहिनीची वेळ चुकली तर पुढची परवा. मालसूनने फीत दंडाशी धरली. एका हाताने टाचणी लागेना. आठ वाजले. ती काकांसमोर उभी राहिली. काकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि टाचणी लावली. “दादा, थेट स्मशानात ये,” ती फोनवर म्हणाली. “मागं उभा राहा.”