खोटा बिघाड

बाबांनी फोन स्पीकरवर टाकून उशीला टेकवला. पलीकडून लेकीचा रडवेला आवाज आला, "बाबा, नवीन प्रोग्रॅम चालतच नाहीये. जेवणाच्या सुट्टीआधी द्यायचंय. सगळे माझ्या डोक्यावर बसलेत."

वाटाणे सोलता सोलता आईने मनातल्या मनात लेकीला शाबासकी दिली. पोरीने काय हुबेहूब आवाज काढला होता!

बेत दोघींचा होता. मेंदूच्या ऑपरेशननंतर बाबा हिंडू-फिरू लागले, पण शब्द हरवायचे. चष्म्याला चमचा म्हणून बसायचे. उभा जन्म प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात घालवलेला माणूस "आता माझं डोकं भंगारात काढा" म्हणत भिंतीकडे तोंड करून पडायचा. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, विश्वास तेवढा गेलाय. मग लेकीनेच सुचवलं की आपल्या कामात एखादी सोपीशी चूक मुद्दाम घालते आणि बाबांना विचारते.

"डेटाबेसचा पत्ता चुकतोय," लेक सांगत होती. "माझ्या मशीनवर बरोबर येतो. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये भरला की जुनाच. बदलून बदलून थकले."

"बदललास कुठे?"

"बाहेर, सेटिंगमध्ये."

"आणि ते... ते आपलं..." बाबा अडखळले. कपाळावर घाम आला.

"कंटेनर," आई हळूच म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस गं!"

किती दिवसांनी खेकसले होते! आईला इतकं बरं वाटलं की तिने दोन वाटाणे तोंडात टाकले.

"कंटेनर म्हणजे शेवटी प्रोग्रॅम भरायचा डबाच," बाबा उठून बसले. "भरतानाच पत्ता आत लिहून झाकण लावलंस, तर बाहेर काही का बदलेना, आत जुनाच राहणार. बघ बरं, पत्ता वाचला कधी जातोय? डबा भरताना की उघडताना?"

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"भरताना," लेक पुटपुटली.

"काढ ती ओळ तिथून. सुरू होताना बाहेरून दे."

बाबा फोनकडे टक लावून बसले. आईही सोलायची थांबली. सोपी चूक आहे म्हणाली होती ना कार्टी?

"चाललं!" लेक किंचाळली. "बाबा, चाललं!"

बाबांनी डोळे पुसले. "चालतंय गं माझं डोकं," ते आईला म्हणाले आणि चहा टाकायला स्वतःच उठले.

आई फोन घेऊन गॅलरीत आली. जिवावरचं ओझं उतरलं होतं. "शहाणी गं माझी लेक! काय नाटक वठवलंस! घटकाभर मलासुद्धा खरं वाटलं."

"आई," लेकीचा आवाज अजून कापत होता, "आमची अख्खी टीम कालपासून यावर डोकं फोडत होती. नाटक मी उद्या करणार होते."