अडकित्ता

"फोटोखाली लिहिलेलं फोन मला वाचून दाखवतो गं, पण वस्तू काही हातात येत नाही," असं म्हणून जन्मांध कोरगावकर सरांनी मागच्या आठवड्यात संग्रहालयाची वेबसाइट नापास केली होती.

चूक वेबसाइटचा मजकूर लिहिणाऱ्या मालविकाचीच होती. काचेच्या कपाटातल्या चिठ्ठ्या तिनं जशाच्या तशा फोटोंखाली उतरवल्या होत्या: 'अडकित्ता, पितळ, नक्षीदार.' मग तिनं एकेक वस्तू कपाटातून काढली, डोळे मिटून चाचपली आणि सगळं नव्यानं लिहून काढलं.

आज सरांचा फोन ते वाचू लागला. "दोन दांड्यांवर दोन राघू. दांड्या मिटल्या की चोचीला चोच लागते. पात्याची धार अजून शाबूत आहे."

फोन थांबला. मालविका सरांच्या चेहऱ्याकडे बघू लागली. उद्या वेबसाइटचं उद्घाटन, आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायचं की काय?

तेवढ्यात सरांची मूठ हवेत उघडली, मिटली, पुन्हा उघडली. दुसऱ्या हाताची बोटं धारेपासून जपून मागे सरली.

"पास का हो, सर?"

"ते बघू नंतर," सर म्हणाले. "आधी सुपारी आण."