उलटसुलट शिवण

लेकीने आईवर कथा लिहिली, तीही तुकड्यातुकड्यांत, काळ पुढेमागे करत. बाबा पडले शिंपी. वाचून म्हणाले, "अगं, आधी बाही, मग कॉलर आणि माप शेवटी? याला ना शेंडा ना बुडखा!" त्यांनी कात्रीने प्रसंग वेगळे केले आणि ते तारीखवार टाचायला बसले. लेक हिरमुसली.

तासाभराने त्यांनी कथा परत दिली. क्रम पुन्हा तिचाच होता.

"काय झालं बाबा, जमलं नाही?"

"जमलं की! पण सरळ लावली तर शेवटी तुझी आई जाते गं. तुझ्या क्रमात ती शेवटी पहिल्यांदा दुकानात येते, धाकट्या बहिणीचा झगा ढगळ शिवला म्हणून माझ्याशी कडाकडा भांडते. आणि आमचा अख्खा संसार अजून व्हायचाच असतो!"